गोचीडचा नवा अल्बम आणि मुकेशदादाचा डावा हात

गोचीडचा नवा अल्बम बोगस आहे. मी नोव्हेंबरमधे बोलली तेव्हा पण हे खरं होतं, आज पण खरं आहे. कोणी येऊन विचारलं तर मी तेच सांगीन. फक्त आता मला कोणी विचारत नाय, आणि मी पण कोणाला सांगत नाय.

गोचीड हा बँड आहे. कल्याण-डोंबिवलीकडचा, चार जणांचा, मराठीत मेटल वाजवतो. साधा नाय, प्रोग्रेसिव्ह मेटल. म्हणजे एक गाणं अकरा मिनिटांचं. सातचा ठेका चालू असतो, जरा मान हलवायला लागलं की त्याचा अकराचा होतो, परत सात, मग एकदम सगळं थांबतं आणि एकटी गिटार रडत बसते. गाणारी अक्षदा नावाची पोरगी आहे. अंगानं काडी, पण आवाज काढते तर वाटतं विहिरीत रेडा पडलाय. मुरबाड तालुक्यात हे ऐकणारी बहुतेक मी एकटीच. आमची आय बोलते, "रश्मे, आधी त्या बाईला कोणीतरी सोडवा, मग ते बंद कर."

आणि ड्रमवर मुकेशदादा.

मुकेशदादा आमच्या वाडीतला. टोकावड्याच्या अलीकडं, रस्त्याला लागून आमची बुद्धवाडी आहे. दुसरं घर त्याचं, चौथं आमचं. माझ्या पप्पांची बेंजो पार्टी आहे. बाळाराम बेंजो पार्टी बोललं की माळशेजच्या पायथ्यापर्यंत कोणी पण सांगेल. हळद, लग्न, साखरपुडा, चौदा एप्रिल. एक बेंजो, एक ढोल, झांज, आणि दोन साइड. साइड म्हणजे कमरेला पट्ट्यानं बांधायचा छोटा ड्रम, त्याच्यावर दोन बारीक काठ्या चालतात. मुकेशदादा अकराव्या वर्षापासून पप्पांकडं साइडवर होता. डावखुरा. पप्पा बोलायचे, ह्याचा उजवा हात रस्ता सांगतो आणि डावा हात गोष्ट सांगतो. खरंच तसं होतं. मोठ्या ठोक्यांच्या मधे त्याचा डावा हात भुरभुर काहीतरी टाकत जायचा, भाजीवर कोथिंबीर टाकतात तसं. आणि प्रत्येक ठोका केसभर मागं पडायचा. चालत्या टेंपोत, खड्ड्याखड्ड्यातनं वाजवत शिकलेला हात तो. खड्डा येऊन गेला की मग वाजवायचं, ही त्याची सवय. कल्याणला कॉलेजला गेला, तिथं गोचीडवाले भेटले, मोठ्या ड्रमसेटवर बसला, तरी ती सवय गेली नाय. पहिल्या दोन अल्बममधे ते मागं पडणं ऐकू येतं. मेटलमधे कोणी तसं वाजवत नाय. म्हणून तर मला ते आवडायचं. डोंबिवलीच्या गिटारी पुढं पळतात आणि मागून आमच्या माळशेजचा रस्ता येतो.

मी पण वाजवायची. बारा वर्षांची असताना पप्पांनी पट्टा बांधला, कारण दुसरा साइडवाला आजारी होता आणि टोकावड्याची हळद ऐन वेळेला रद्द करता येत नव्हती. हळदीला लोक नवऱ्याला लावून थांबत नायत, वाजवणाऱ्यांना पण फासतात. एका म्हातारीनं माझ्या दोन्ही हातांना तेलातली हळद चोपडली, लाडानं. मांडवभर माणसं नाचतायत, आणि माझ्या हातातली काठी निसटली. ठोका पडला. तो पडला नाय तोच मुकेशदादाच्या काठीनं लागोपाठ दोन मारले, एक माझा, एक त्याचा, एकमेकाला चिकटलेले. कोणाला काय कळलं नाय. तो माझ्याकडं बघत पण नव्हता, समोर नाचणाऱ्या बायांकडं बघून हसत होता. परत येताना टेंपोत मी रडली. बोलली, "दादा, माझा ठोका पडला." तो बोलला, "कुठं? मला तर काय ऐकू नाय आलं."

पार्टीत नियमच आहे तो. हात सगळ्यांचा पडतो. बाजूच्यानं झाकायचा आणि त्याच्याबद्दल नंतर पण बोलायचं नाय, आपसात पण नाय. मला हा नियम तेव्हा कळला. कळला असं मला वाटलं.

नववीत मी शाळा सोडली. सर सगळ्या वर्गासमोर बोलले, तुमच्या घरात वाजवण्याशिवाय दुसरं काय येतं काय. मी त्यांच्या टेबलावरची घंटा उचलली आणि खिडकीतून फेकली. घंटा सापडली, मी परत गेली नाय. आता मुरबाडला स्टँडासमोर मोबाइलच्या दुकानात बसते, काचा चिकटवते, कव्हर विकते. दुकानात गिऱ्हाइकांना ऐकवायला ठेवलेले चांगले हेडफोन आहेत. नोव्हेंबरच्या एका शुक्रवारी दुपारी शेठ जेवायला गेल्यावर मी ते घातले आणि गोचीडचा तिसरा अल्बम लावला. नाव 'काच'. सहा गाणी, एक्कावन्न मिनिटं. दोन वर्षं वाट बघितलेली.

पहिल्या गाण्याच्या दुसऱ्या मिनिटालाच माझं डोकं फिरलं.

ड्रम बरोबर होते. सगळेच्या सगळे बरोबर. एक ठोका मागं नाय, एक पुढं नाय, सगळ्यांचा जोर एकसारखा. भुरभुर होती, पण मोजून टाकलेली. कोणी बसून वाजवलंच नव्हतं ते, कॉम्प्युटरवर मांडलं होतं. आणि खाली लिहिलेलं, ड्रम: मुकेश.

मी त्याला मेसेज केला. 'दादा हे तू नाय वाजवलं.' त्यानं लिहिलं, 'ऐकलास? कसा वाटला?' मी फोन केला.

"दादा, खरं सांग, कोणी केलेत ड्रम?"

"नाव वाचलं नायस काय?"

"नाव वाचलं. हात नाय ऐकला."

मागं गोडाऊनचा आवाज होता, पडघ्याला एका गोडाऊनमधे तो खोके भरायच्या कामाला होता, त्याच्यावरच आसनगावच्या खोलीचं भाडं चालायचं. "रश्मे, मी शिफ्टला आहे गो. नंतर बोलू."

नंतर त्यानं केला नाय. आणि मी वाट बघणारी बाई नाय.

मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, ह्यांनी त्याला बाहेर बसवला. दोन अल्बम आमच्या माणसाच्या हातावर मोठे झाले, आता नाव ठेवलं आणि माणूस काढला. नाव आत, माणूस दाराबाहेर. हे आमच्या वाडीला काय नवीन नाय, आज्याच्या तोंडून ऐकत मोठी झालेय मी. आणि तो भोळा, तो काय बोलणार? मग कोणी बोलायचं?

माझं एक चॅनेल होतं, 'रश्मीचा कान'. एकसष्ट माणसं बघायची, त्यातली पाच आमच्या घरातली. मी स्टँडामागं उभी राहून व्हिडिओ केला. एका दमात, न कापता. मी बोलली, "हे ड्रम नायत, शिलाई मशीन आहे. गोचीडवाल्यांनो, सरळ सांगा, आमचा माणूस कुठं ठेवलाय? मुकेशनं ह्यातला एक पण ठोका मारलेला नाय, पायजे तर कान कापून देते." मग एकेक गाणं घेतलं. पहिल्यातली गिटार चांगली, पण आतून कोणी ढकलत नाय म्हणून ती पण बसलीय. तिसऱ्यात अक्षदा एवढी ओरडते, पण भिंतीवर डोकं आपटल्यासारखं, भिंत काय हलत नाय. चौथ्याला मी जास्तच धुतलं. चौथ्याचं नाव 'पट्टा'. मी बोलली, "चार मिनिट बारा सेकंद. एक ठोका खाल्लाय, आणि लगेच पुढं दोन एकमेकाला चिकटलेत. कॉम्प्युटरवर मांडून पण चूक? मांडता येत नाय तर निदान पुसायला तरी शिका."

ते चांगलं जमलं असं मला वाटलं. मी तो भाग दोनदा बघितला आणि हसली.

तीन दिवस काय नाय झालं. चौथ्या दिवशी पुण्याच्या कोणीतरी मेटलवाल्यानं माझा व्हिडिओ आपल्या पानावर टाकला. वर लिहिलं, 'गावच्या पोरीनं चोरी पकडली.' मग व्हिडिओ पळाला. चाळीस हजार, मग सत्तर. 'आमचा माणूस कुठं ठेवलाय' ह्याच्यावर पोरांनी गंमतीचे फोटो बनवले. दुकानात एक कॉलेजचा पोरगा येऊन बोलला, "तू तीच ना, कान कापून देणारी?" मी त्याला काच फुकट चिकटवून दिली. शेठ ओरडला. मला काय फरक पडत नव्हता.

पंधरा दिवसांनी अक्षदाचा आवाज आला. व्हॉट्सॲपवर, साडेतीन मिनिटांचा. मी तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या फोनला काच बसवत होती, एका कानात इअरफोन घालून ऐकलं. मला वाटलं शिव्या देईल. तिचा साधा आवाज लहान मुलीसारखा आहे.

"रश्मी, मी अक्षदा. गोचीडची. ड्रम मुकेशनेच केलेत. त्याच्या डाव्या मनगटात नस दाबली गेलीय, दीड वर्ष झालं. गोडाऊनमध्ये दिवसभर ती टेप मारायची बंदूक धरून धरून. बोटं सुन्न पडतात, काठी राहत नाही. आम्ही बोललो रेकॉर्डिंगला कुणीतरी घेऊ, तर तो ऐकेना, आणि खरं सांगू का, आम्हालाही दुसरा नको होता. तीन महिने उजव्या हातात माउस धरून त्याने एकेक ठोका ठेवलाय. मला माहितीये ते मेलेलं वाटतं. त्यालाही माहितीये. डिसेंबरात पुण्याला मोठा कार्यक्रम होता. तो उजव्या हाताने आणि पायांनी वाजवणार होता, डाव्या हाताचं आम्ही लॅपटॉपवरून सोडणार होतो. चाळीस मिनिटं फक्त. मग ऑपरेशन, सहा महिने आराम, आणि परत. कुणाला कळलं नसतं. तुझ्या व्हिडिओनंतर तिथल्या आयोजकांनी विचारलं, ड्रमर खरा आहे ना, वाजवतानाचा एक सलग व्हिडिओ पाठवा. आम्ही काय पाठवणार होतो? आता बंगळूरचा एक मुलगा घेतलाय, प्रॅक्टिस चालू आहे. मुकेश बोललाय, रश्मीला कुणी काही बोलायचं नाही. म्हणून मी काही बोलत नाहीये. फक्त सांगितलं."

काचेखाली मोठा फुगा राहिला होता. गिऱ्हाइक बोलला, "मॅडम, हे असंच ठेवणार काय?"

मी व्हिडिओ काढून टाकला. दुसऱ्यांनी उचललेले होतेच, ते कुठं काढू.

घरी गेली तर पप्पा ओट्यावर ढोलाच्या दोऱ्या आवळत बसले होते. मी चपला पण काढल्या नायत.

"तुमाला माहीत होतं दादाच्या हाताचं?"

पप्पांनी दोरी सोडली नाय. "व्हय. मीच नेला ना कल्याणला डॉक्टरकडं, पावसाळ्याच्या आधी."

"मग मला का नाय सांगितलं?"

"झाकलेलं सांगत फिरतात काय?"

"मी काय बाहेरची आहे?"

"तू काय करून बसलीस ते बघितलं ना?" पप्पांनी पहिल्यांदा वर बघितलं. ते मेटल ऐकत नायत, माझा व्हिडिओ त्यांना पार्टीतल्या झांजवाल्यानं दाखवलेला. दहा दिवस ते गप्प होते आणि मला वाटत होतं धंद्याचं टेन्शन आहे. "त्या शहरातल्या पोरांना कोणी शिकवलं नाय, तरी त्यांनी त्याचा हात झाकला. तू पट्टा बांधलेली पोर, आणि तू चव्हाट्यावर उघडा केलास."

मला राग आला. चूक माझी असली की मला जास्त राग येतो. मी फोन काढला, स्पीकरवर 'पट्टा' लावलं आणि ओट्यावर आदळला. "ऐका. ऐका आणि सांगा, ह्याच्यात दादाचा हात कुठं आहे. मी खोटं बोलली काय? हे मेलेलं आहे, पप्पा!"

पप्पा ऐकत बसले. अक्षदा ओरडली तेव्हा तोंड वाकडं केलं, पण बंद कर बोलले नायत. आय आतून बोलली, "आता बापलेक दोघं पण!" गिटार चढत गेली, अकराचा ठेका चालू झाला, आणि मधेच पप्पांनी ढोलावरचा हात उचलून धरला.

"परत लाव. मागं घे जरा."

मी मागं घेतलं. चार मिनिट बारा सेकंद. एक खाल्लेला, दोन चिकटलेले.

"हा तू हायस," पप्पा बोलले.

"काय?"

"टोकावड्याची हळद. हा तुझा पडलेला. आणि हे दोन त्याचे." त्यांनी बोटानं ढोलाच्या कडेवर वाजवून दाखवलं, हळू, एक सोडून दोन. मग दोरी परत हातात घेतली. "त्यानं माझ्यासमोर पण कधी काढलं नाय. कुठं ठेवलं व्हतं इतकी वरसं."

बाकीचा अल्बम मला अजून पण मेलेलाच वाटतो. पन्नास मिनिटं आणि काही सेकंद. पण तेवढी जागा जिवंत आहे, आणि मी सत्तर हजार माणसांसमोर तीच पुसायला सांगितली होती.

रविवारी मी आसनगावला गेली. मुरबाडवरून शहापूरला एसटीनं, पुढं रिक्षानं. मुकेशदादाची खोली स्टेशनच्या पूर्वेला, चाळीत वरती. दार उघडं होतं. तो शर्टाची बटणं लावत होता, उजव्या हातानं, डावा नुसता खाली लटकत होता. मला बघून त्यानं डावा खिशात घातला.

"आलीस? चहा घेणार?"

"दादा, मी व्हिडिओ काढून टाकला."

"हां."

"मला वाटलं त्यांनी तुला काढला."

"मग आता काढला," तो बोलला. हसला पण. "तुला आधीच दिसलं."

"मला सांगायचं ना! मी फोन केलेला. मी विचारलं होतं, सरळ विचारलं होतं."

"काय सांगणार? शिफ्टवर सुपरवायझर बाजूला उभा, मी बोलू माझा हात गेलाय? मग तिथून पण घरी." त्यानं गॅसवर पातेलं ठेवलं, साखर टाकली, सगळं एका हातानं, भराभर. सवय झालेली. "आणि मला वाटलं, रश्मीला काय सांगायचं. तिला कळेल आणि ती गप बसेल. बाकी जग नाय बसलं तरी ती बसेल."

मी रडणार नव्हती. मी बोलली, "चार मिनिट बारा सेकंद मला तेव्हा कळलं नाय."

"ते कळायला पायजे होतं असं काय नाय."

"पप्पांना कळलं."

"काकांना कळणारच." तो चहा गाळत होता, आणि त्याची पाठ माझ्याकडं होती. "त्या पोराला पण वाजवावं लागतं आता ते. बंगळूरच्या. तो बोलला, हे चुकलंय काय, सरळ करू काय. अक्षदा बोलली, नाय, जसं आहे तसं वाजव. मग त्यानं मोजून बसवलं. परफेक्ट वाजवतो."

"दादा, सॉरी."

"व्हिडिओ काढून टाकलास म्हणून काय शिजलेल्या भाताचे परत तांदूळ होतात काय? पी चहा. पावणेपाचची एसटी आहे ना तुझी?"

एवढंच. त्यानं मला एक शिवी दिली असती तर मी त्याला दोन दिल्या असत्या, आणि आमचं भांडण झालं असतं, आणि भांडण मिटतं. त्यानं मला शिवी दिली नाय.

पुण्याचा कार्यक्रम झाला. मी फोनवर बघितला. बंगळूरचा पोरगा खरंच भारी वाजवतो, हे पण सांगायला पायजे. मग बँडच्या पानावर नवीन फोटो आला, चार जण, त्यात तो. खाली लिहिलेलं, मुकेश थोडा ब्रेक घेतोय. मुकेशदादानं डिसेंबरातच ठाण्याला सरकारी दवाखान्यात ऑपरेशन करून घेतलं. पप्पा दोन दिवस त्याच्यासोबत होते. घरी त्यानं सांगितलं ओव्हरटाइम आहे. त्याच्या आयला पण माहीत नव्हतं, कारण अनिताचं लग्न ठरलेलं, आणि लग्नघरात असं काय कोणी आणत नाय. डॉक्टरनं सांगितलेलं, सहा महिने काठी धरायची नाय.

अनिता म्हणजे त्याची बहीण. फेब्रुवारीत तिची हळद होती.

ऊन कलतानाच सुरू केली, कारण दहानंतर वाजवू देत नायत. मांडवात अनिता पाटावर बसली, कोपरापर्यंत पिवळी. बाया एकमेकींना फासत होत्या. बाळाराम बेंजो पार्टी वाजवायला, म्हणजे आमीच. पप्पांनी मला एका साइडवर उभी केली. दुसरी साइड झांजवाल्याचा पोरगा वाजवत होता. मुकेशदादा लांब बाह्यांचा पांढरा कुर्ता घालून पाहुण्यांना पाणी देत फिरत होता. माझ्याजवळ आला, मला पण दिलं. ग्लास उजव्या हातात.

आणि मग त्याचा मामा, कमळाकर, मांडवाच्या मधे येऊन ओरडला, "अरे मुकेश! बहिणीच्या हळदीला पण पाणीच वाटणार काय? मुंबय-पुण्याला वाजवतोस, इथं लाज वाटते?"

"मामा, आज नको. आज मी घरचा माणूस."

"घरचा म्हणूनच बोलतो!"

सगळ्या बाया ओरडायला लागल्या, मुकेश, मुकेश. अनिता पाटावरून बोलली, "दादा, एकच वाजव ना रे." तिनं हळदीचे हात जोडले, गंमतीत. त्याची आय पण हसत बघत होती.

मी पप्पांकडं बघितलं. पप्पा बेंजोवर खाली मान घालून होते.

मुकेशदादानं झांजवाल्याच्या पोराचा पट्टा सोडवून घेतला आणि स्वतःला बांधला. काठ्या घेतल्या. डाव्या हाताची बोटं त्यानं काठीवर उजव्या हातानं एकेक करून बसवली. कोणाला वाटावं नीट पकड घेतोय. तो माझ्या बाजूला उभा राहिला, डावीकडं. माझ्याकडं बघितलं नाय.

पप्पांनी चाल उचलली. पहिली दोन आवर्तनं त्याचा हात चालला. कशानं चालला मला माहीत नाय. मग मला त्याचा डावा अंगठा दिसला. आधी अंगठा सरकला, मग काठीचं टोक खाली गेलं, ड्रमच्या कडेला टेकलं आणि तिथंच राहिलं. उजवा चालू होता. रस्ता चालू होता, गोष्ट बंद.

मी माझं वाजवणं सोडलं आणि त्याचं घेतलं. त्याच्या मोठ्या ठोक्यांच्या मधे मी ती भुरभुर टाकायला लागली. ती माझ्या हातात कधी नव्हती, पण कानात होती, सहा वर्षं, रोज, दुकानात, एसटीत, झोपताना. पहिल्यांदा मी बरोबर टाकली आणि ते त्या अल्बमसारखं झालं, मोजलेलं. मग मी मागं पडली. खड्डा येऊ दिला, जाऊ दिला, मग मारला. त्याच्या खांद्याला कळलं. खांदा जरा सैल झाला. त्याचा डावा हात मनगटातनं हवेत हलत होता, काठी नुसती धरल्यासारखी, आणि आवाज माझ्या ड्रममधून येत होता. मांडव नाचत होता. अनिता पाटावरच बसल्या बसल्या नाचत होती. कमळाकर मामा डोक्यावर टॉवेल फिरवत होता. कोणीतरी येऊन आमच्या दोघांच्या गालाला हळद फासून गेलं.

बारा-पंधरा मिनिटं चाललं ते. पप्पांनी नेहमीपेक्षा लवकर तोडलं.

मुकेशदादा मांडवाच्या मागं गेला, टेंपो उभा होता तिथं. मी मागोमाग गेली. तो पट्ट्याची कडी उजव्या हातानं आणि दातांनी सोडवत होता. डाव्या तळव्याखाली नवीन व्रण होता, गुलाबी, त्याच्यावर हळद लागलेली. मी मदत करायला हात पुढं केला नाय. मला एकच वाक्य बोलायचं होतं. पार्टीत तेच बोलतात, तेच बोलायचं असतं.

"दादा," मी बोलली, "मला काय ऐकू नाय आलं."

त्यानं पट्टा काढला. ड्रम टेंपोत ठेवला, सरळ, घसरू नये असा.

"तुला सगळं ऐकू येतं, रश्मे," तो बोलला. "सगळं."

आणि आत गेला, पाहुण्यांची पानं मांडायची होती.

मी तिथंच काठ्या पुसत उभी राहिली. तेलातली हळद लवकर जात नाय, लाकडात शिरते. कमळाकर मामा घामाघूम होऊन टेंपोकडं आला, लघवीला चालला असेल, मला बघून थांबला. "बाळारामाची ना तू? ऐकलंस ना तुझ्या दादाला? काय हात आहे पोराचा! ती बारीक बारीक भुरभुर, आहा. कल्याणला जाऊन आणखीन तयार झाला. काय?"

मी काठ्या पिशवीत टाकल्या.

"हो मामा," मी बोलली. "एक नंबर."